पिकपला पिकप नाय

मी एक जुना डिझेलचा पिकप आहे. मित्रांनो, या नावाला हसू नका. हसण्याचं काम माझ्या मिस्त्री मंडळींनी आधीच उरकलेलं आहे. त्याचं असं, की मिस्त्री लोकांच्या भाषेत पिकप म्हणजे गाडीची खेच, तिचा जोर. त्यामुळे मी चढणीला दमलो की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "पिकपला पिकप नाय!" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन चहा मागवतात. हा विनोद मी दहा वर्षं ऐकतो आहे. चहाचं मला अजून कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे रोज शेकड्याने जन्मत, म्हणून बारसं वगैरे झालं नाही. पहिल्या मालकाने आठ वर्षं माझ्याकडून विटा वाहून घेतल्या आणि मला गोविंदाला विकलं. गोविंदा पेणजवळच्या गावचा. भात पिकवायचा, उरलेल्या वेळात लोकांचा माल पोचवायचा. मी दारात आलो त्या दिवशी त्याच्या बायकोने, सरूवहिनीने, माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. आठ वर्षं विटा वाहिलेल्या प्राण्याला असं काही झालं की रडू येतं. मला रडता येत नसल्याने मी थोडं ऑइल गाळलं.

पुढची वर्षं मजेत गेली. पेणचे पोहे रोह्याला न्यायचे, रोह्याहून खताची पोती आणायची, कोलाडच्या बाजाराला भाजी, लग्नसराईत मंडपाचे बांबू. गोविंदा चारचौघांत माझ्या बॉनेटवर थाप मारून सांगायचा, "एका लिटरला बारा किलोमीटर देते, आणि सुकेळीची खिंड तिसऱ्या गिअरात चढते." मी पिकप असलो तरी त्याच्या तोंडी 'गाडी', म्हणून बाई. मी कधी तक्रार केली नाही. कौतुक होत असेल तर माणूस काय किंवा वाहन काय, व्याकरणाकडे दुर्लक्ष करतं.

तर मित्रांनो, माझ्या इंजिनाला एक डिझेल पंप आहे आणि त्या पंपावर करंगळीएवढा एक स्क्रू आहे. तो उघडला की डिझेल जास्त जातं आणि जोर वाढतो. तो आवळला की डिझेल वाचतं आणि जोर कमी होतो. एवढ्याशा स्क्रूवरून रायगड जिल्ह्यात दोन पंथ झाले.

वडखळचा विठू मिस्त्री ॲव्हरेज पंथाचा. "गोविंदा, ही डिझेल पिते का आंघोळ करते?" असं म्हणून तो स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. कोलाडचा शिवा मिस्त्री पिकप पंथाचा. "कुणी गळा दाबला हिचा? त्या वडखळवाल्यानं ना?" असं म्हणून तो अर्धा फेरा उघडायचा. गोविंदा स्वभावाने भिडस्त. वडखळला गेला की त्याला विठूचं पटायचं, कोलाडला गेला की शिवाचं. असा मी दोन पंथांच्या मध्ये अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करत जगत होतो. तरी बरं चाललं होतं.

मग हायवेच्या रुंदीकरणाची धूळ आली. नागोठण्यापर्यंत जाऊन आलो की मी पांढऱ्याचा तांबडा व्हायचो. गोविंदाला माझी काळजी वाटू लागली. एके दिवशी घरात पाणी प्यायला वाकला असताना त्याची नजर माठाच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यावर गेली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी गाळून पितात, तर वारा का गाळू नये? त्याने गाठोड्यातलं एक मऊ लुगडं घेतलं, त्याची दुहेरी पट्टी फाडली (उरलेलं पोत्यांची तोंडं बांधण्यात संपलं) आणि माझ्या एअर फिल्टरभोवती, म्हणजे माझ्या नाकावर, सुतळीने गच्च आवळून बांधली. वरून झाकण लावलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आजवर माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं आणि माझा श्वासही असा कुणी कोंडला नव्हता.

त्याच आठवड्यात घरातून सरूवहिनीची अंजिरी साडी हरवली. संशय नणंदेवर गेला, कारण ती नुकतीच राहून गेली होती. नणंद-भावजयीचं बोलणं बंद झालं. गोविंदाने दोघींची समजूत काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. साडीचा आणि फिल्टरचा काही संबंध असू शकतो हे त्याच्या ध्यानातच नव्हतं, कारण त्याच्या लेखी त्याने घेतलेलं होतं ते फडकं.

चार वर्षं ते फडकं धूळ आणि पोह्याचा कोंडा पीत राहिलं. दोन्ही मिस्त्री फिल्टर उघडायला गेले की गोविंदा अभिमानाने सांगायचा, "फिल्टरचं मी बघतो. तुम्ही पंप बघा." ते पंप बघायचे. माझं ॲव्हरेज बाराचं आठ झालं, खिंड दुसऱ्या गिअरातही चढवेना, आणि मागून काळा धूर. मला सांगता आलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. पण देवाने मला फक्त हॉर्न दिला आहे, आणि त्याचा अर्थ रस्त्यावर सगळे 'बाजूला व्हा' असाच घेतात.

आता हौसाताईबद्दल सांगतो. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती घडतात हे तुम्हाला माहीत आहेच. हौसाताईने बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत मूर्तींचे डोळे आखले. आखणी हे सगळ्यात नाजूक काम. मूर्ती कुणाचीही असो, नजर हौसाताईची. आणि मूर्तीखाली नाव मालकाचं. त्या वर्षी तिने धीर केला आणि शाडूच्या एकशे दहा मूर्ती स्वतःच्या पडवीत केल्या. रोह्याच्या हैबतरावांनी आपल्या दुकानाची अर्धी जागा तिच्या नावाच्या पाटीसह द्यायचं कबूल केलं. पाटी तिने मूर्तींच्याही आधी रंगवून घेतली होती.

श्रावणात नमुन्याच्या पाच मूर्ती घेऊन आम्ही निघालो. नेमका त्याच आठवड्यात शिवाने स्क्रू उघडलेला. नागोठणं सोडून रोह्याच्या वाटेवरच्या भिसे खिंडीला लागलो आणि मी जो धूर सोडायला सुरुवात केली, तो मागच्या ताडपत्रीत शिरला, तिथेच घुटमळला. रोह्याला ताडपत्री उघडली तर पाचही गणपती कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे.

हैबतरावांच्या मिशा मोठ्या आणि बोलणं थोडं. ते म्हणाले, "बाई, मूर्ती सुरेख. पण लोक घरी नेऊन आधी आंघोळ घालणार काय? शाडू हाय, विरघळंल."

हौसाताईने पदराने एका गणपतीचा गाल पुसला, तर काजळी आणखीच पसरली.

"गुरवारपर्यंत सगळा माल स्वच्छ आणा," हैबतराव म्हणाले. "नायतर जागा मागणारा दुसरा तयार हाय."

परत येताना हौसाताई केबिनमध्ये मांडीवर पाटी घेऊन बसली होती. वडखळ आल्यावर म्हणाली, "गोविंदा, नाय जमलं तर मी परत कारखान्यात जाईन. डोळे काय, तिथं पण आखायचेच हायत." गोविंदाने मला लगेच विठूकडे घातलं. विठूने विजयी चेहऱ्याने स्क्रू पूर्ण फेरा आवळला. "आता धूर निघाला तर मिशी काढीन," तो म्हणाला. त्याला मिशी नव्हती, हे घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या पाठीवर फळ्यांचे तीन मजले रचले, पेंढा घातला आणि एकशे दहा मूर्ती चढवल्या. काळ्या झालेल्या पाच मूर्ती हौसाताईने रात्रंदिवस खपून पुन्हा रंगवल्या होत्या. पुढे गोविंदा, हौसाताई आणि सोबतीला सरूवहिनी. वहिनी म्हणाली, "मी मागं लक्ष ठेवते, तुम्ही रस्त्याकडं बघा." ती खिडकीतून मान बाहेर काढून बसली. नागोठण्यापर्यंत धूर नाही. तिघं हसूबोलू लागली.

भिसे खिंडीच्या अर्ध्यावर मी थांबलो.

थांबलो म्हणजे थांबलोच. पहिला गिअर, गोविंदाचा पाय तळाला टेकलेला, आणि माझ्यात हलायचं बळ नाही. वर काळा धूर सुरू झाला तो झालाच.

"बंद करा अहो!" वहिनी ओरडली. "देव काळं व्हतील!"

गोविंदाने इंजिन बंद केलं आणि ब्रेकवर पाय देऊन बसला. मी इंचभर मागे सरकलो. मागच्या एकशे दहा मूर्ती एकदम खडखडल्या. हौसाताईने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या मागच्या चाकाला धपकन दगड लावला.

तो मंगळ्या होता. वरच्या कातकरीवाडीचा. तो आणि त्याची बायको येसू कुणाच्या तरी भातातलं तण काढून चालत घरी निघाले होते.

"ढकलू काय दादा?" मंगळ्याने विचारलं.

"ढकल, ढकल! चालू करतो."

इंजिन चालू झालं. मंगळ्याने खांदा लावला. येसूने लावला नाही. ती बाजूला उभी राहून माझ्या धुराकडे बघत होती, पदर नाकाला लावून.

"बंद करा ओ," ती म्हणाली. "हिचा वारा बुजलाय."

"काय बुजलाय?" गोविंदा खिडकीतून डोकावला.

"वारा. माझा बाप कोळशाची भट्टी लावायचा रानात. भट्टीचं भोक बुजवलं का अस्साच धूर यायचा, काळा. आन् आत आग नायच धरायची. जोर पण नाय आन् धूर पण हाय, म्हणजे भोक बुजलंय."

गोविंदाला राग आला. "दोन दोन मिस्त्री केलेत मी. आता गाडी तू शिकवणार व्हय मला?"

"नका शिकू," येसू म्हणाली. "आमी चाललो. दगड तेवढा ऱ्हाऊ द्या, नायतर देव नागोठण्याला जातील."

हौसाताई खाली उतरली. "गोविंदा," ती म्हणाली, "हिचं नाक कुठं असतं ते उघड."

"अगं, त्याचं मीच तर बघतो..."

"उघड म्हणते ना!"

बॉनेट वर झालं. झाकण निघालं. आतून जे निघालं त्याला कापड म्हणणं धाडसाचं होतं. गोविंदाने सुतळी कापली, तो गोळा ओढून बाहेर काढला आणि रस्त्याकडेला आपटला. धूळ उडाली आणि एक काठ दिसला. सरूवहिनी पुढे वाकली. तिने बोटाने तो काठ पुसला.

"अंजिरी," ती हळू आवाजात म्हणाली.

गोविंदा फिल्टरकडे फार लक्षपूर्वक बघू लागला.

"चार वर्षं," वहिनी म्हणाली. "चार वर्षं मी तुमच्या बहिणीशी बोलले नाय!"

"मी... ते फडकं समजलो."

"लग्नातली साडी हाय ती, फडकं न्हवं!"

येसू इतकी हसली की तिला मंगळ्याचा आधार घ्यावा लागला. हौसाताईही हसली, पाच दिवसांत पहिल्यांदा. गोविंदाने फिल्टर आपटून साफ केला, पुन्हा बसवला, चावी फिरवली.

मित्रांनो, मला चार वर्षांनी श्वास आला. त्या वाऱ्यात भिजल्या रानाचा वास होता. मी दुसऱ्या गिअरात खिंड चढलो, आवळलेल्या स्क्रूसकट. मागून निघाला तो नुसता गरम वारा.

रोह्याला हैबतरावांनी ताडपत्री स्वतः उघडली. पहिल्या मजल्यावरच्या मूर्तीच्या गालावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. त्यांनी मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "पाटी आणलीय ना? का ती पण धुवायला टाकली?"

पाटी लागली. एकशे दहाच्या एकशे दहा मूर्ती गेल्या. हौसाताई त्यानंतर कुणाच्या कारखान्यात गेलेली नाही.

आता मी लिटरला पुन्हा बारा देतो. विठू सांगतो, त्याने स्क्रू आवळला म्हणून. शिवा सांगतो, त्याने आधी उघडला होता म्हणून. गोविंदा दोघांनाही हो म्हणतो. मात्र गोविंदाने चाकांत हवा पुरेशी ठेवावी, चढणीला वेळेवर गिअर बदलावा, ओझं बेतानं घालावं, आणि पंपाच्या स्क्रूला हात लावण्याआधी माझ्या नाकात डोकावावं, एवढं सरूवहिनीने त्याला पाठ करायला लावलं आहे. ती आता फिल्टर स्वतः बघते. जोर आणि बचत एकमेकांचे वैरी आहेत असं मला वाटायचं. दोघं एकाच श्वासावर जगतात, हे कळायला मला एक साडी खर्ची घालावी लागली.

मित्रांनो, तुमच्या दारातही माझ्यासारखं एखादं जुनं वाहन असेल. ते दमलं तर लगेच त्याला आळशी म्हणू नका आणि खादाडही म्हणू नका. त्याच्यावर प्रेम जरूर करा. पण प्रेमाने काही बांधण्याआधी त्याला श्वास घेता येतो की नाही ते बघा.

यंदा हौसाताईच्या दीडशे मूर्ती आहेत. निघताना तिने एकच अट घातली: आधी येसूने धूर बघायचा, मगच खिंड चढायची. त्यामुळे काल आम्ही भिसे खिंडीच्या पायथ्याशी थांबलो. वाडीतून येसू खाली आली. गोविंदाने इंजिन रेस करून दाखवलं. ती मागे गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी श्वास रोखून (आता मला तो रोखता येतो) तिच्या तोंडाकडे आरशातून बघत राहिलो.

"हाय नीट," येसू म्हणाली. "जा घेऊन देवाला."