बोयावरची गाठ

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या बंदरात माणसं तोंडापेक्षा दोरीने जास्त बोलतात. सार्डिनचा कारखाना बंद पडल्यापासून सगळ्यांचं पोट शेवंडांवर, आणि कुठल्या खडकाआड कुणी पिंजरे टाकायचे हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. बाहेरच्याने तिथे पिंजरा सोडला, की पिंजऱ्याच्या दोरीला बांधून वर तरंगत ठेवलेल्या त्याच्या बोयाच्या दांड्यावर गुपचूप गाठ मारायची. अर्थ एवढाच, की चालता हो. तरी ऐकलं नाही, तर दोरी कापायची, म्हणजे पिंजरा कायमचा तळाशी. कुणी केलं हे कुणी विचारत नाही आणि करणारा मेला तरी सांगत नाही.

डार्सी ओहायोची, म्हणजे मक्याच्या शेतातली. लांबच्या एका बंदरात घुम्या म्हाताऱ्याच्या होडीवर दोन वर्षं राबून तिने परवाना मिळवला, होतं नव्हतं ते होडीत घातलं आणि नेमके एल्वुडच्या खाडीत साठ पिंजरे सोडले. एल्वुड अ‍ॅली सत्तरीचा, तिरसट. पहाटेच्या धुक्यात जाऊन त्याने तिच्या केशरी बोयांवर गाठी मारल्या. दोरी कापायची वेळ मात्र येऊ नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. पोरीचं सगळं त्या पिंजऱ्यांतच अडकलंय, हे काय त्याला कळत नव्हतं?

चौथ्या दिवशी एल्वुडने स्वतःचा हिरवा बोया ओढला आणि त्याचं टाळकंच सटकलं. दांड्यावर गाठ! पुढच्यावरही गाठ. चाळीस वर्षांत एवढी हिंमत कुणी केली नव्हती. तो तणतणत धक्क्यावर आला.

डार्सी ब्लूबेरीचा केक घेऊन त्याचीच वाट पाहत उभी होती.

“काका, धुकं विरलं तेव्हा मी बघितलं तुम्हाला,” ती म्हणाली. “माझी दोरी सुटू नये म्हणून एवढ्या थंडीत गाठी मारत होतात. घरचं माणूस करत नाही हो एवढं. मग मीही तुमच्या दिसतील तेवढ्या बोयांना मारून टाकल्या.”

सगळा धक्का हातातलं काम सोडून बघायला लागला. एल्वुडचा शाळेपासूनचा सोबती मर्ल मुद्दाम जवळ सरकला.

“कसल्या गाठी रे एल्वुड? आम्हालाही कळू दे की.”

एल्वुडची पंचाईत झाली. भांडावं, तर आपण आधी गाठ मारली हे चारचौघांत कबूल करावं लागणार. त्यात ती पोर इतक्या विश्वासाने बघत होती, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. “वारा फार असतो तिकडे,” असं काहीतरी पुटपुटून त्याने केकचा तुकडा तोंडात कोंबला. केक चांगला झाला होता, हे आणखीच वाईट. मर्ल हसून हसून पिंपावर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डार्सी उतरल्या तोंडाने परतली.

“काका, माझ्या बोयांवरच्या सगळ्या गाठी कुणीतरी सोडल्या. माझं काही चुकलं का?”

एल्वुड पिशव्यांत हेरिंग मासळीचं आमिष भरत होता. त्याने मान वर केली नाही.

“त्या परक्या माणसाला मारतात, पोरी,” तो म्हणाला. “उद्या माझ्या सोडायला ये.”