व्हॉल्व्हमधला लाल धागा

देवराव उस्तादांनी एकदा गिअरबॉक्स गेला म्हटलं, की सक्करदऱ्याच्या त्या गॅरेजात पुढं कोणी बोलत नसे. पंचवीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातलेला माणूस, बोलणार कोण? पण त्या दिवशी आलेल्या गाडीबद्दल त्यांच्या हाताखालच्या नंदिनीला ते पटलं नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"गिअरबॉक्स नाही गेला, उस्ताद. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडते, गाडी ओढत नाही. क्लचपर्यंत तेलच पोचून नाही राहिलं. मले व्हॉल्व्ह-बॉडी खोलू द्या."

"गेल्या महिन्यात मीच खोलली होती. साफसूफ करून बसवली. तुले काहून शंका येऊन राहिली वं?" उस्तादांचा आवाज चढला. "खोल. पण गाडी नाही सुधरली, तर उद्यापासून काउंटरवर बसायचं. पान्याले हात लावायचा नाही."

काउंटर! दोन वर्षं घासून मिळवलेलं टेबल सोडून फोन उचलत बसायचं. नंदिनीला रागच आला.

"चालते," ती म्हणाली.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलतं ते तेल. पंप तेल दाबतो, दाब वाढला की बोटाएवढी पोलादी दांडी स्प्रिंगला रेटत सरकते, वाट मोकळी होते आणि तेल पुढच्या क्लचला जाऊन भिडतं. दांडी अडली की सगळंच अडलं. या दांड्या जिच्यात बसतात ती व्हॉल्व्ह-बॉडी नंदिनीनं खोलली, स्प्रिंगा काढल्या आणि तिरपी धरली. एकेक दांडी आपल्या वजनानं घसरली. तिसऱ्या गिअरची मात्र अर्ध्यात ठाण मांडून बसली.

तिनं ती हलकेच बाहेर काढली. दांडीला केसाएवढा लाल धागा गुंडाळलेला होता.

सगळ्यांच्या नजरा उस्तादांच्या खांद्यावरच्या लाल दुपट्ट्याकडे गेल्या. हात, घाम, पार्ट, सारं त्याच दुपट्ट्यानं पुसायची त्यांची रीत. व्हॉल्व्हला कापड लावू नये, हवेनं सुकवावं, असं नंदिनी म्हणाली होती, तेव्हा "लय नखरे हायेत हिचे" म्हणून तेच सगळ्यांत जास्त हसले होते.

"धागा कुठूनही येते," उस्ताद पुटपुटले.

ती कामाला लागली. सगळं धुतलं, हवेनं सुकवलं, बसवलं, गाडी बेसा रोडवर फिरवून आणली. तिसरा गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसरी व्हॉल्व्ह-बॉडी उघडी होती. उस्ताद बघायला आले.

"थांबा, उस्ताद," मान वर न करता ती म्हणाली. "हे माझं टेबल हाये. इथं यायचं तर दुपट्टा तिकडं ठेवून या."

देवरावांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि रिकाम्या हातांनी टेबलाशी येऊन उभे राहिले.