बर्फावर बेल्ट लावत नाहीत

तुम्ही अठरा वर्षांच्या पोरीला चोर ठरवलंत आणि वर सौदाही तुम्हीच मांडलात. सायबर सुरक्षेच्या पदवीचा अर्ज मागे घे, नर्सिंगला जा, तुझ्याविरुद्धची तक्रार आम्ही गिळून टाकतो. तेही तिच्या तोंडावर नाही. तिच्या बापाला फोन करून.

हेल्गी तिचं नाव, हिउमा बेटावरची. तिनं केलं काय? तुमच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर आपला रक्ताचा अहवाल बघताना पानाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा चुकला, आणि समोर दुकानवाल्या लाइनेमावशीचा आजार उघडा पडला. मावशीनं तो नवऱ्यालाही सांगितला नव्हता. हेल्गीनं पान मिटलं आणि तुम्हाला कळवलं, स्वतःच्या नावानिशी. दार सताड उघडं टाकलं तुम्ही, आणि ‘दार उघडं आहे’ म्हणणारी ती चोर?

तेव्हापासून तिला एकच स्वप्न पडायचं. समुद्र काचेसारखा गोठलाय, आणि काचेखालून सगळ्या बेटाचे आजार माशांसारखे तरंगत चाललेत. कोणाचं काळीज, कोणाचं वांझपण, कोणाची दारू. ती वरून अनवाणी चालतेय, पाय वाजू न देता. जागी झाली की तळवे गार असायचे, आणि मनात राजधानीतली, ताल्लिनची ती पदवी. दुसरं काही शिकावंसं तिला वाटेचना.

मार्चच्या सकाळी अर्वोनं, तिच्या बापानं, तिला गाडीत बसवलं. समुद्र ओलांडून तुमच्या कचेरीत जायचं, सौद्यावर सही करायची. समुद्र गोठला की बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत बर्फावरूनच रस्ता होतो. त्या रस्त्याची राखण अर्वोकडे. उजाडलं की गिरमिट घेऊन निघायचं, जागोजागी भोक पाडायचं, काठी घालून जाडी बघायची.

हेल्गीचा हात सवयीनं बेल्टकडे गेला.

“सोड तो,” अर्वो म्हणाला. “बेटावरची ना तू? की ताल्लिनची पाहुणी आलीये?”

जमिनीवर जीव वाचवणारा पट्टा बर्फावर जीव घेतो. गाडी खाली गेली तर उडी मारता आली पाहिजे.

धुकं इतकं, की आभाळ कुठं संपतं आणि समुद्र कुठं लागतो कळेना. गाडी दुधात टांगल्यासारखी चालली होती. अर्वो बोलत होता. नर्सिंग काय वाईट आहे, पगार येतो, माणसं दुवा देतात, आणि मुळात नको तिथं बोट घालायला सांगितलं होतं कोणी. हेल्गीला ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. रस्त्याच्या कडेनं त्याचीच भोकं ओळीनं मागं जात होती, पुन्हा गोठलेली, निळी, उघड्या डोळ्यांसारखी.

“बाबा, ही भोकं कोणी पाडली रे?”

“कोणी म्हणजे? मीच.”

“म्हणजे रस्ता तूच फोडतोस.”

“डोकं फिरलंय का तुझं? भोक पाडल्याशिवाय कळणार कसं, की...”

वाक्य तिथंच राहिलं. थांबलेल्या गाडीच्या वजनानं बर्फ खचतो, म्हणून तो चालवत राहिला. मग समोरच बघत त्यानं विचारलं, “लाइनेला माहितीये? तू बघितलंस ते?”

“मीच सांगितलं. रडली. मग म्हणाली, बरं झालं, तू होतीस.”

धुक्यातून किनारा हळूच वर आला, कोणी झोपेत कूस बदलावी तसा. चाकांना जमीन लागली.

“लाव आता बेल्ट,” तो म्हणाला. “आणि सही करायची नाहीये.”

कचेरीत शिरताना त्यानं डिकीतलं गिरमिट खांद्यावर घेतलं. दारावरचा माणूस हसला. हसू दे.

ते गिरमिट आता तुमच्या टेबलावर आहे, पात्यावरचा समुद्र तुमच्या कागदांवर ठिबकतोय. समोर हेल्गी बसलीये, अर्ज मागे न घेता. बाजूला तिचा बाप, टोपी हातात. भोक पाडून बर्फ तपासतो त्याला सगळे राखणदार म्हणतात, पगार मिळतो. मग ही चोर कशी? फोनवर नको. इथं, तिच्या तोंडाकडे बघून सांगा.