माझे उजवे मडगार्ड

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. मला दोनच दारे आहेत. पुढे दोन माणसे ऐसपैस बसतील एवढी जागा, आणि मागे एक अरुंद बाक. त्यावर बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. अशा गाडीला कूपे म्हणतात. नाव झोकदार आहे, पण त्याचा अर्थ मला एवढाच समजला की मालकाला फार पाहुणे नको असतात.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. इंजिन आणि खालचा सांगाडा विकत आणलेला होता. अंग मात्र एका छोट्या शेडमध्ये हाताने घडवले गेले. वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर सपाट पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्याने मारत मारत त्याला पोट आणायचे, अशी ती पद्धत होती. माझ्या डाव्या बाजूला एक कारागीर असे, उजव्या बाजूला दुसरा. दोघे साडू होते. त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नसे, म्हणून शेडच्या मालकाने दोघांच्या मध्ये मला उभे केले होते. डावीकडचा भरभरून हात मारणारा, उजवीकडचा हात राखून काम करणारा. त्यामुळे माझे डावे मडगार्ड जरा फुगीर झाले आणि उजवे जरा चापट. बॉनेट सगळ्यात शेवटी बसवले, ते दोन्हीकडच्या कडा सांभाळून. सगळे छान जुळून आले. रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कोण पाहतो? माणसाचे दोन कानही अगदी सारखे नसतात, पण ते न्हाव्याशिवाय कोणाला कळते?

पहिल्या मालकाने मला मिरवायला घेतले आणि हौस फिटल्यावर विकून टाकले. मग मी नर्सबाईंकडे आले. माझे खरे आयुष्य तिथे सुरू झाले.

नर्सबाई घरोघरी जाऊन बाळंतपणे करत. निरोप आला की त्या बॅग माझ्या पुढच्या सीटवर टाकत आणि निघत. गल्लीच्या तोंडाशी माझा आवाज आला की लोक म्हणत, "आल्या बाई," आणि बायका पाणी तापवायला आत पळत. एकदा तर माझ्या त्या अरुंद बाकावरच एक मुलगी जन्माला आली. बाहेर धो धो पाऊस होता. तिची आई ओरडत होती आणि बाप त्याहून मोठ्याने ओरडत होता. नर्सबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही खाली उतरा आणि दाराशी छत्री धरून उभे राहा. ओरडायचा मान तिचा आहे." तो निमूट उतरला. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कोणी माझ्या रंगाचे कौतुक केल्यावरही वाटला नव्हता.

पुढे नर्सबाईंची नजर अधू झाली. समोरून येणारी सायकल त्यांना जवळ आल्यावर दिसू लागली. त्यांनी शहाणपणाने किल्ली खुंटीला अडकवली आणि मला घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली ठेवले. सुरुवातीला त्या रोज येऊन माझ्यावरची धूळ पुसत. मग अधूनमधून. छपराला माझ्या उजव्या बाजूवर एक भोक पडले होते. त्यातून पाणी ठिबकायचे. ते त्यांनी पाहिले होते. "उद्या कोणाला तरी सांगते," असे त्या म्हणत. मित्रांनो, लोखंडाला 'उद्या' फार मानवत नाही.

एके सकाळी त्यांनी माझ्या उजव्या मडगार्डवर हात टेकला आणि त्यांचे बोट आरपार गेले. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात मला ओढत, गाड्यांचा पत्रा ठोकून देणाऱ्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये आणण्यात आले.

"बाई, चालवणार कोण आता हिला?" मिस्त्रींनी विचारले.

"कोणी नाही. पण मी आजारी माणसाला अर्ध्यावर टाकून कधी आले नाही. हिलाच तेवढी टाकली."

मिस्त्री म्हणाले, "करतो. पण ही माझी शेवटची गाडी. यानंतर हातोडी खाली ठेवणार."

त्यांची मुलगी मागे वेल्डिंगची नळी गुंडाळत होती. लग्न झालेली, दोन लेकरांची आई, वर्कशॉपचे अर्धे काम तीच ओढायची. तिने मान वर केली. "हे मला आत्ताच कळतंय," ती म्हणाली.

"तुला सगळं आधी सांगायला तू माझी सासू आहेस का?"

मिस्त्रींचे नाव मोठे होते. पत्रा ठोकून झाला की ते एक पातळ सुती फडके तळव्याखाली घेत, डोळे मिटत आणि हात पत्र्यावरून सावकाश फिरवत. डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्यांच्या तळव्याला सापडे. सगळे डेंटर असे करतात, पण मिस्त्रींचा तळवा चुकत नाही, असे म्हणत.

त्यांनी माझ्यावर पहिल्यांदा हात ठेवला, तेव्हाच मला काहीतरी वेगळे वाटले. हात फिरत होता, पण तो काही विचारत नव्हता. डाव्या मडगार्डवर माझ्या मूळ कारागिराच्या हातोड्याच्या खुणा रंगाखाली अजून आहेत. तो हात त्यांच्यावरून तसाच सरकून गेला. जन्मभर हातोडीचे हादरे खाऊन मिस्त्रींची बोटे बधिर झाली होती. त्यांना पत्रा लागतच नव्हता. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते.

मुलीला मात्र शंका आली होती. तिने त्यांच्या हातात वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला दिला होता. तो त्यांनी काठाला न धरता बुडाशी घट्ट धरला आणि गप्पा मारत राहिले. तिने तो हळूच काढून घेतला. "साखर घालायची राहिली," म्हणाली. साखर घातलेली होती.

माझे उजवे मडगार्ड काढताना त्याचा हातात भुगा झाला. नवे करायचे होते. पूर्वीचे मिस्त्री असते तर त्यांनी माझ्या कडा चाचपत, तळव्याला विचारत ते घडवले असते. साचा वापरणाऱ्यांची ते टिंगल करायचे. "कागदावर गाडी चालत नाही," हे त्यांचे लाडके वाक्य. या वेळी त्यांनी डाव्या मडगार्डवर पुठ्ठे लावून त्याचे जागोजागचे आकार कापून घेतले, ते उलटे केले आणि त्या मापाने उजवे मडगार्ड घडवले. काम सुरेख झाले. डाव्याची आरशातली प्रतिमाच जणू. ते किती मेहनतीने केले होते, हे मी पाहिले आहे. म्हणून ते माझ्यावर चढवताना मला धडधडत होते.

ते बसले नाही. बॉनेट उजवीकडे उचलले जाऊन टेकेना. दाराजवळची फट वर बारीक आणि खाली रुंद झाली. मिस्त्रींनी बोल्ट सैल केले, आवळले, पुन्हा सैल केले. मग ते मागे सरकले आणि म्हणाले, "हिचा सांगाडाच वाकलाय. बॉनेट एका बाजूने कापून घेऊ."

त्यांनी खडू घेतला आणि माझ्या बॉनेटच्या कडेला एक लांब पांढरी रेघ मारली.

मित्रांनो, ती रेघ अंगावर घेऊन मी कशी उभी राहिले, ते माझे मला ठाऊक. गंजलेले मडगार्ड गेले, त्याचे मला दुःख होते, पण तो माझ्या नशिबाचा भाग होता. बॉनेट धडधाकट होते. एकदा कापले की ते परत येणार नव्हते. आणि मी ओरडून सांगू शकत नव्हते की सांगाडा सरळ आहे.

"सांगाडा मी मोजलाय बाबा, सरळ आहे," मुलगी म्हणाली.

"मग काय माझं मडगार्ड वाकडं? साचा खोटं बोलत नाही."

"तुम्ही साचा कधीपासून वापरायला लागलात?"

मिस्त्रींनी कटर उचलला आणि ते त्याची वायर सोडवू लागले. बोटांना वायरीची गाठ सुटेना. मुलगी पुढे झाली नाही. मला वाटते, पुढे न होणेच तिला जास्त जड गेले असेल. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कापायच्या आधी एकदा डावी बाजू बघून द्या. मला तिथे काहीतरी लागतंय, नीट कळत नाही."

त्यांनी तळवा फिरवला. "ठीक आहे."

"असं नाही." तिने त्यांची बाही कोपरापर्यंत वर सारली, हात उलटा केला आणि मनगटाची आतली बाजू माझ्या पत्र्याला टेकवली. "लेकराचं दूध कोमट झालंय का ते आम्ही असंच बघतो. बोटं भांडी घासून घासून बावळट झालेली असतात. मनगट शहाणं असतं."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिला माहीत आहे, हे त्यांना कळले. त्यांना ते कळले आहे, हे तिलाही कळले.

मग मिस्त्रींनी डोळे मिटले. मनगट माझ्या डाव्या मडगार्डवरून वर चढले, थांबले, उतरले. मिस्त्री उजवीकडे गेले आणि त्यांनी स्वतः घडवलेल्या मडगार्डवरून तसेच मनगट फिरवले. पुन्हा डावीकडे आले. शेवटी बॉनेटची कड आणि दाराची कड, दोन्ही मूळच्या, त्यांच्यावर ते कितीतरी वेळ रेंगाळले.

"दोन्हीकडे सारखंच आहे," ते म्हणाले.

"हो."

"ते सारखं नव्हतंच." त्यांनी डोळे उघडले. "दोन माणसांनी केलंय हिला. इकडचा गडी दिलदार होता. तिकडचा कंजूष. या कडा बघ ना, सरळ सांगतायत."

त्यांनी बाहीनेच माझ्या बॉनेटवरची खडूची रेघ पुसली. मग बाकावर बसले आणि आपल्या त्या सुरेख मडगार्डकडे पाहत म्हणाले, "काढ ते."

"नव्या पत्र्यावर पहिल्यापासून करावं लागेल."

"ते मला सांगतेस? हातोडी तू घे."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत शांत आणि सर्वांत भांडखोर दिवस होते. ती पत्रा ठोके, माझ्या अंगावर लावून बघे. ते मनगट फिरवून सांगत, इथे चढलाय, इथे दाब, इथे हात लावू नकोस. "डास मारतेस का? जोर दे जरा," असे एकदा म्हणाले.

"मग तुम्हीच मारा ना," ती पटकन बोलून गेली.

हातोडी हवेतच राहिली. तिचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी बाही खाली केली, पुन्हा वर केली.

"मारता आलं असतं तर तुझी बोलणी खाल्ली असती का?" ते म्हणाले. "इथे, दाराजवळ. दोनच ठोके. आता जोरात."

तिने मारले. ते बरोबर पडले.

उजवे मडगार्ड चापट झाले, जसे होते तसे. बॉनेट बसवताना दोघांनी श्वास रोखले होते. ते आपल्या वजनाने खाली आले आणि टेकले. मग घासणे झाले, प्रायमर झाला, गडद हिरवा रंग चढला, इंजिनही पुन्हा सुरू झाले. नर्सबाई मला बघायला आल्या. त्यांना रंग फार दिसला नसावा. त्या मला हातांनीच बघत होत्या. नव्या मडगार्डवर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले.

"मिस्त्री, तुमचा हात अजून तोच आहे हो."

मुलगी स्क्रू आवळत होती. तिने मान वर केली नाही. मिस्त्रींना नुसते मान डोलावून मोकळे होता आले असते. शेवटची गाडी, शेवटचे कौतुक. कोणी हरकत घेतली नसती.

"हात हिचा आहे बाई," ते म्हणाले. "माझे गेले."

"गेले म्हणजे?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नर्सबाईंनी एकेक बोट दाबून पाहिले, नखे अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग त्या एकदम पूर्वीच्या नर्सबाई झाल्या. "किती दिवस लपवलंत हे? आधी यायचं नाही का दाखवायला? पार गंजेपर्यंत थांबलात."

"तुम्हीपण थांबलातच की," मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले.

नर्सबाईंनी मिस्त्रींचे हात सोडले नाहीत. "उद्या," त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. "नाही. आत्ताच चला. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. बोटं परत येतील असं मी म्हणणार नाही. पण आहे ते तरी राखता येईल."

त्या दिवशी मला घरी नेले नाही, कारण सगळेच डॉक्टरांकडे गेले आणि न्यायला कोणी उरलेच नाही. नंतर मुलीनेच मला चालवत आणले. वर्कशॉपच्या फाटकातून मी बाहेर पडत होते, तेव्हा एक दुसरी, दबलेल्या टपाची गाडी आत येत होती. मिस्त्री बाही वर सारत तिच्याकडे निघाले होते. मुलीने काच खाली केली. "शेवटची गाडी झाली ना?"

"नुसतं बघतोय," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या भोवती बरेच काही जुने होईल. वस्तू होतील, माणसेही होतील. आम्ही वस्तू बोलू शकत नाही, आणि माणसे बोलू शकत असून बोलत नाहीत. म्हणून तुम्हीच जवळ या. हात लावून बघा. आणि कोणाला सावरायला गेलात तर त्याला दुसऱ्या कोणाच्या मापाने घडवू नका. ज्याच्या त्याच्या कडा असतात, त्या आधी विचारून घ्या. एवढेच माझे मागणे आहे. मला रोज पुसले नाही तरी चालेल.