पुढून खाली कापलेली पँट

"पस्तीस लिही मालिनी, पस्तीस! वीस वर्षं लोकांच्या कमरा मोजतोय मी. हा नववी सोडलेला मला शिकवणार?"

हरिचंद्र ओरडला तसा त्याचा पोरगा, आकाश, उंबऱ्यातच उसळला. "नववी सोडली, डोळे नाही सोडले. ताई, नका लिहू!"

मालिनी म्हणजे बदलापूर गावातली आशाताई, घरोघरी आरोग्याची माहिती घेणारी. फॉर्म घेऊन बसलेली. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर गेली, की आजच्या आज उपाशीपोटी आरोग्य केंद्रात जाऊन शुगर आणि बीपी बघायचं. पस्तीस म्हटलं की सुटका.

हरिचंद्र उल्हासनगरला कॅम्प पाचात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, फावल्या वेळात गिऱ्हाइकांच्या मापाच्या पँटीही शिवायचा. त्याने गळ्यातला टेप काढला आणि पोटाच्या खालून, पँट बसते तिथून, गुंडाळला. "बघ. खोटं बोलतोय का?"

टेप पस्तीसच दाखवत होता. शिंप्याला कंबर म्हणजे पँट बसते ती जागा.

आकाश त्याच्याच हाताखाली कापायला शिकत होता. तो तरातरा मोरीकडे गेला, दोरीवरची बापाची पँट ओढली आणि फरशीवर पसरली. "ताई, इकडे बघा. पोटवालं गिऱ्हाईक आलं की आम्ही पँट पुढून खाली कापतो. पोटाच्या खाली बसते, नंबर तोच राहतो, गिऱ्हाईक खूश. ह्या पँटीत मागच्या आणि पुढच्या उंचीत किती फरक आहे? दोन इंच! दिवाळीतल्या पँटीत एकच होता. कोणाला येडा बनवताय पप्पा?"

आतून आकाशची आई कुंदा कढई सोडून बाहेर आली. "अगंबाई! मला वाटायचं धुवून आटतायत."

मालिनीला हसू फुटलं. हरिचंद्रचा हात उगारला गेला. "लई शहाणा झालास. माझ्या पोटाचं तुला काय पडलंय?"

"पडलंय!" आकाशचा आवाज चिरकला. "भगवानकाकालाही कोणी मोजलं नव्हतं. पायाचा अंगठा कापला तेव्हा शुगर कळली. हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा जिना मीच चढवला त्याला, पाठीवर. तुम्हाला नाही उचलणार मी. आधीच सांगतो."

उगारलेला हात आपोआप खाली आला. भगवान त्याचा सख्खा मोठा भाऊ. त्याच्याकडे बघून पण सगळे म्हणायचे, खातं पितं घर आहे, पोट असायचंच.

"भाऊ, उभे राहा," मालिनी हळूच म्हणाली. "आकाश, टेप तू धर. शेवटची बरगडी चाचप, मग कमरेचं हाड. दोघांच्या बरोबर मधोमध. आवळू नको."

हरिचंद्रने पोट आत ओढलं.

"श्वास सोडा भाऊ. फोटो नाही काढायचाय."

त्याने श्वास सोडला. टेपवर आकाशचा अंगठा सरकत सरकत साडेएकोणचाळीसवर थांबला. मालिनीने टेपची दुसरी, सेंटिमीटरची बाजू वाचली. "शंभर."

"सेंच्युरी," आकाश पुटपुटला, आणि कोणीच हसलं नाही म्हणून स्वतःच ओशाळला.

हरिचंद्र खाटेवर टेकला. "म्हणजे मला पण झालीच ती शुगर?"

"असं कोण म्हणालं?" मालिनी म्हणाली. "कंबर म्हणजे रोग नाही. पोटातल्या चरबीने शुगर, बीपी, हृदय बिघडू शकतं, म्हणून आधीच बघून घ्यायचं. नसली तर देवच पावला. असली तरी अंगठा जाण्याच्या कितीतरी आधी सापडली. रोज चाला, तळलेलं आणि गोड कमी करा, टेप खाली येतो. मी स्वतः लोकांचा येताना बघितलाय."

कुंदाने पोह्यांची बशी आणली होती. ती हरिचंद्रने हातानेच मागे सारली. "उपाशी जायचंय ना? केंद्र किती वाजेपर्यंत?"

"दहा."

घड्याळात पावणेदहा. आकाशने गाडीची चावी उचलली.

"ठेव ती," हरिचंद्र म्हणाला. "चालत जातो, दहा मिनिटांवर तर आहे. तू बरोबर ये, नाहीतर वाटेत भजी खाईन मी."

"मग कारखान्यात कटिंग कोण करणार?"

"बारापर्यंत थांबेल. आणि संध्याकाळी ती पँट उसवून टाक, दुसरी कापू. सरळ." दारात चपला शोधता शोधता तो पोराच्या खांद्याला धरून उभा राहिला. "काय रे, रडलास की काय मघाशी?"

"कांदा चिरत होती आई."

"पोह्यांचा कांदा कधीच चिरून..."

"बाकीचं वाटेत, पप्पा. निघायला पाहिजे आता."