उकडलेल्या भाजीचे पाणी

"पाणी ओतलंस का?" मी चाळणी उचलत विचारले.

"ओतलं."

बेसिन कोरडे होते. शेगडीच्या मागे, ताटलीखाली झाकलेला पेला सापडला. कोबी आणि गाजर उकडलेले कोमट, पिवळसर पाणी. अर्धा पेला. उरलेला अर्धा कुठे गेला हे विचारायची गरज नव्हती.

"आई, फेकून द्यायचं म्हणाले होते ना मी?"

"फेकतेच की. घशात."

ती हसली. मला हसू आले नाही.

आईची मूत्रपिंडे दीड वर्षापासून निकामी होत चालली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ज्या रुग्णालयात ते होई, तिथेच मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे तिचा तक्ता मीच लिहिला. केळी, संत्रे, टोमॅटो बंद, कारण त्यांत पोटॅशियम जास्त; अशा रुग्णांच्या रक्तात ते साचले तर हृदय थांबू शकते. बाकीच्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि पाणी टाकून द्यायचे, म्हणजे पोटॅशियम त्याबरोबर निघून जाते. असा तक्ता मी रोज कुणाला तरी देते. पण ही रुग्ण एकतीस वर्षे बाजारात भाजी विकत बसली होती आणि गिऱ्हाइकाला पिशवी देताना प्रत्येक वेळी सांगत आली होती, "पाणी टाकू नका हं, सगळा कस त्यातच उतरतो."

"किती दिवस चाललंय हे?"

"आता पाण्याचे पण दिवस मोजायचे का?"

"तुझ्यासाठी ते विष आहे. किती वेळा सांगू?"

"विष कसं असेल गं? न खपलेली भाजी घरी आणून उकडायचे मी. वरचं पाणी तुला पाजायचे. नाक मुरडायचीस, पण त्याच्यावरच एवढी झालीस ना?"

मी सकाळी सहापासून उभी होते. तिची औषधे, माझी नोकरी, तिचे मोजून दिलेले पाणी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. भांडायलाही अंगात त्राण नव्हते, म्हणून सगळ्यात सोपे तेच बोलले.

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

मी पेला बेसिनमध्ये रिकामा केला. पाणी जाळीतून उतरेपर्यंत ती बघत राहिली.

"नसेल कळत," ती म्हणाली. "शिकलेली तू आहेस."

मग ओटा पुसून ती उद्यासाठी घेवडा निवडायला बसली. शिरा ओढताना तिला डोळ्यांची गरज नसे, बोटांनाच कळायचे.

तिला कळत नाही हे खोटे होते आणि ते मला पुरते ठाऊक होते. दर बुधवारी मी रुग्णालयात तपासणीला आलेल्या लोकांना भाज्या-फळांविषयी माहिती देते. टेबलावर प्लॅस्टिकची फळे मांडलेली असतात. जीवनसत्त्वांचे आकडे सांगितले की लोक जांभया देतात. म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी आईची वाक्ये वापरायला लागले. "आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलीत तर सत्त्व गटारात जातं." "गाजराची तेलाशी ओळख करून दिल्याशिवाय ते डोळ्यांपर्यंत पोचत नाही." लोक हसत आणि लक्षात ठेवत. वरिष्ठ म्हणत, मॅडमची सांगायची हातोटी वेगळीच आहे. मी मान लववून कौतुक घेई. पुढे मी ती वाक्ये पत्रकातही छापली, खाली माझे नाव घालून.

एका बुधवारी डायलिसिसला वेळ होता म्हणून आई मागच्या बाकावर येऊन बसली. मला दिसली तेव्हा गाजराचे वाक्य माझ्या तोंडातून निघून गेले होते. सगळे हसले. आईही हसली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून म्हणालीसुद्धा, "बरोबर सांगतात हं मॅडम." नंतर टेबलावरचे सफरचंद उचलून तिने दाबून पाहिले आणि म्हणाली, "हे बरंय. आठवडाभर खपलं नाही तरी मऊ पडायचं नाही." बाकी एक शब्द बोलली नाही. मीही नाही. घरी गेल्यावर बोलू, असे ठरवले. घरी गेल्यावर भाजी चिरायची होती.

पेला ओतून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला मी तिला उठवायला गेले. ती उठली नाही.

"हृदय थांबलं," डॉक्टर म्हणाले. "अशा रुग्णांत होतं. तुम्हाला वेगळं काय सांगू?" परवाच्या रक्ताचा अहवाल आला आहे, बघता का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. त्यातला पोटॅशियमचा आकडा जास्त असता तर तिने माझे ऐकले नाही म्हणून, आणि कमी असता तर मी तो पेला उगाच ओतला म्हणून, दोन्हीकडून तो मला जन्मभर पुरला असता.

घरी डब्यात निवडलेला घेवडा होता. चार दिवस मी तो डबा उघडला नाही.

सोळाव्या दिवशी कामावर हजर झाले. बुधवार होता. बाकांवर पंधरावीस माणसे होती, कुणाचा हात बांधलेला, कुणाच्या मांडीवर मूल. मी पालक उचलून दाखवला आणि म्हणाले, "याच्यातलं लोह बुजरं असतं. एकटं आलं तर दारातूनच परत जातं. सोबत लिंबू पाठवा, म्हणजे आत येतं."

लोक हसले. पुढच्या बाकावरची एक रोडकी, फिकट तरुणी वहीत लिहून घेत होती. तिने हात वर केला.

"मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे? सासूबाई विचारतात, कुणी सांगितलं म्हणून. तुमचं नाव सांगू का?"

असे कुणी विचारले की मी आजवर म्हणत आले, सांगा की. तोंड उघडले तेही तेच म्हणायला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकले. पालकाची जुडी मी खाली ठेवली.

"माझं नको," मी म्हणाले. "पुस्तकातलंही नाही हे. माझी आई बाजारात भाजी विकायची, तिचं आहे. गाजराचं, लिंबाचं, तुमच्या हातातल्या पत्रकावरचंसुद्धा. तिला सगळं कळत होतं."

मग मलाच ऐकू यावे म्हणून पुन्हा म्हणाले, "सगळं कळत होतं तिला."