साखराच्या बिस्किटाचा कागद

मी बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद बोलतोय. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी साखराच्या आजीनं, तुळजाबाईंनी मला फाडलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण नेमका तेव्हाच पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला. टँकर किती वाजता आला, हे त्या साली आमच्या गावात कुणी विसरत नव्हतं.

जन्म माझा लांबच्या कारखान्यातला. तोंडावर हसऱ्या पोराचं चित्र, पाठीवर मुंगीएवढी अक्षरं. लोक चित्र बघायचे आणि पुडा उचलायचे. पाठ कुणी बघत नव्हतं.

केज तालुक्यातल्या एका गावात, दूध सोसायटीच्या दुकानात मी येऊन पडलो. दुष्काळानं दूध आटलं होतं, जनावरं चारा छावणीत गेली होती. सोसायटीचे रिकामे कॅन पालथे घालून दुकानदार हरिबानं त्यावर फळी टाकली आणि आम्हाला मांडलं. माझ्या एका बाजूला शेंगदाण्याची चिक्की, दुसऱ्या बाजूला फरसाण.

एक दिवस मनकर्णा आली. कडेवर तिची तीन वर्षांची साखरा. मनकर्णानं मला हातात घेतलं आणि सरळ पालथं केलं! मग पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. शेंगदाण्याला इंग्रजीत काय म्हणतात, तो शब्द बीडच्या डॉक्टरांनी तिला त्यावर लिहून दिला होता. चिठ्ठीतलं एकेक अक्षर ती माझ्या पाठीवर नखानं शोधत बसली. सातवीपर्यंतचं शिक्षण, त्यात अक्षरं बारीक. घाम फुटला तिला.

"कावून गं सूनबाई, बोर्डाची परीक्षा हाय का काय?" हरिबा हसला.

"परीक्षाच हाय मामा," ती मान वर न करता म्हणाली. "नापास झाले तर माझी पोरगी जाईल."

हरिबाचं हसू जागीच राहिलं. मग त्याला आठवलं. मागच्या उन्हाळ्यात लग्नघरी कुणीतरी लाडानं साखराच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला होता. ओठ सुजले, श्वास अडकला, पोर निळी पडली. डॉक्टर म्हणाले, हिला शेंगदाणा म्हणजे विष.

माझ्यानंतर मनकर्णानं आणखी सात पुडे वाचून परत ठेवले. आठांतला एकटा मी तिच्या हातात राहिलो. मी पास झालो! साखरानं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला तिच्या आईनं अडीनडीला म्हणून घरात राखून ठेवलं. पुढं दर खेपेला मनकर्णा असाच पुडा न्यायची, पण प्रत्येक नवा पुडा पहिल्यापासून वाचायची. हरिबा म्हणायचा, "अगं, तोच तर हाय." ती म्हणायची, "तोंड तेच असतंय मामा. पाठ कधी बदलंल, सांगता येत न्हाई."

घरी तिची सासू तुळजाबाई. आधी त्या लई कुरकुरल्या. "आमी दाणे खाऊन म्हाताऱ्या झालो. दाण्यानं कुणी मरतंय व्हय?" पण लग्नघरचा प्रकार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. नातीसाठी त्यांनी भाजीतला कूट सोडला. दाण्याच्या चटणीवाचून भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी सोडला.

तो दिवस उजाडला. भोंगा वाजला तशी मनकर्णा घागर घेऊन धावली. "आत्याबाई, पोरीला भूक लागली, बिस्किट द्या," एवढंच म्हणाली. तुळजाबाईंनी मला फाडलं. साखराला एकच बिस्किट द्यायचं, पण फोडलेल्या पुड्याला मुंग्या लागतात. म्हणून त्यांनी फडताळातला रिकामा डबा काढला. दाण्याच्या कुटाचा जुना डबा. चुलीतली राख घेऊन आतून घासला, फडक्यानं पुसला. त्या साली आमच्याकडं भांडी अशीच घासत. विसळायला पाणी होतं कुठं? बिस्किटं त्यात ओतली आणि त्यातलंच एक नातीच्या हातावर ठेवलं.

मनकर्णा डोक्यावर भरली घागर घेऊन दारात आली, तेव्हा साखराचे ओठ फुगले होते. तिनं घागर टाकली. त्या साली भरली घागर कुणी टाकत नव्हतं. अंगणात पाण्याचा लोट गेला आणि शेजारणी नुसत्या बघत राहिल्या.

हरिबानं सोसायटीचा दुधाचा टेम्पो काढला. तालुक्याच्या दवाखान्यात सुई मिळाली. साखरा वाचली.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मनकर्णानं मला चुलीजवळून उचललं. तीनदा वाचलं. तो शब्द कुठंच नव्हता. "यात न्हाई वो आत्याबाई, यात तर न्हाई," ती म्हणत होती. मग तिची नजर डब्यावर गेली. तिनं झाकण उघडून वास घेतला. दाण्याचा वास अजून होता.

तुळजाबाई एवढंच बोलल्या, "मी घासलाता गं. चांगला घासलाता."

मनकर्णानं डब्याचं झाकण लावलं. काय खायचं नाही, ते तिनं सासूला शंभरदा सांगितलं होतं. डब्याचं सांगायचं तिच्याकडूनच राहिलं होतं.

आता साखरा पाच वर्षांची आहे. आजीच्या कुशीत झोपते, पण आजीच्या हातचं काही खात नाही. तुळजाबाईंनी खाऊ पुढं केला की म्हणते, "आजी, कागद दाखव." तुळजाबाईंना वाचता येत नाही, त्यांनी तेव्हापासून मलाच जपून ठेवलंय. त्या चंचीतून, सुपारीच्या तुकड्यांतून मला काढतात आणि उलटाच धरतात. घड्यांवरची माझी अक्षरं पुसून गेलीत. साखरा आईकडं बघते. आई मान हलवते, नको. तुळजाबाई खाऊ मागं घेतात, मला पुन्हा घडी घालतात आणि उगाचच चूल सारखी करत बसतात.

माझ्यासारख्या जुन्या कागदावर विसंबू नका. पुडा नवा असला की पाठ नव्यानं वाचा. खाऊ त्याच्याच पुड्यात राहू द्या, तोंड दोऱ्यानं बांधा, पण दुसऱ्या डब्यात ओतू नका. राखेनं घासलेल्या तर नाहीच. आणि हे पुढं सांगा, अंगणवाडीत, लग्नघरी, टँकरच्या रांगेत. ज्याला वाचता येत नाही, त्याला आधी सांगा.